बॉडीचं नंतर बघू, आधी टाकीतलं तेल तपासा

तुम्ही विचारलंय की जुनी सिट्रोएन जीएस ही फ्रेंच गाडी घेतली आहे, बर्टोने या इटालियन बॉडी-डिझाइन कंपनीने जीएसवरच बनवलेल्या 'कामार्ग'चे फोटो पाहून वेड लागलंय, तर तशी कूपे (दोन दारांची) बॉडी तुरिनकडच्या एखाद्या कारागिराकडून करून घेता येईल का. त्याचं उत्तर देतोच. पण मी अडकलो तुमच्या शेवटच्या ओळीवर: 'गाडी सकाळी उशिरा उठते, गॅरेजवाल्याने ब्रेक ऑइल टॉप-अप करून दिलं.' (उठते म्हणजे इंजिन सुरू केल्यावर तेलाच्या दाबाने सस्पेन्शन गाडीला वर उचलतं.)

मी फ्रान्समध्ये बरीच वर्षं जीएस सांभाळतोय. माझ्या गाडीची वाट याच कामाने लागली होती.

जीएसमध्ये वेगळं ब्रेक ऑइल नसतंच हो! एकच हिरवं खनिज तेल, एलएचएम. इंजिनावर चालणारा पंप तेच दाबाखाली सस्पेन्शनला आणि ब्रेकला पुरवतो. साधं ब्रेक फ्लुइड ग्लायकॉलचं, आणि इथले रबरी सील खनिज तेलासाठी बनवलेले. दोन्ही मिसळले की सील खराब होतात. मी गाडी नेली होती ते जुन्या इटालियन गाड्यांच्या पत्राकामासाठी नावाजलेलं वर्कशॉप. दरवाजे त्यांनी देखणे बसवले, पण एलएचएमच्या टाकीत भलतंच ओतलं, आणि पुढे बोट दाखवलं गाडीच्या वयाकडे. उशिरा उठण्याचा मूळ त्रास टाकीतले फिल्टर धुऊन, ताजं एलएचएम भरून कदाचित सुटलाही असता. त्याऐवजी पंप, सिलिंडर, सगळे सील बदलावे लागले. बिल आठवलं की आजही संताप होतो.

तेव्हा तुमच्या टाकीत खरंच ब्रेक फ्लुइड गेलं असेल तर गाडी चालवू नका, ब्रेकही त्याच तेलावर आहेत. ट्रकवर घालून सिट्रोएनच्या जाणकाराकडेच न्या. (मी मेकॅनिक नाही, अनुभवावरून बोलतोय.) आणि नुसत्या सस्पेन्शनवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. दाब उतरला की ती खाली बसते. आधाराला लोखंडी घोड्या (स्टँड) लावा.

आता कामार्ग. १९७२ च्या जिनिव्हा प्रदर्शनात मांडलेली, एकच बनलेली गाडी. रेखाटन मार्चेल्लो गांदिनीचं, ज्याने त्याआधी लॅम्बोर्गिनी मिउरा केली होती. पण त्या देखण्या काचांखालचं यंत्र जीएसचंच: हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं बॉक्सर (आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरचं) इंजिन आणि हेच हिरवं तेल. ती प्रदर्शनाची गाडी होती, तुम्हाला मात्र रोज पावसात चालवायची आहे.

तुरिनकडून बॉडी करून घेण्याचं उदाहरण आहे: १९६५ मध्ये अमेरिकन डिझायनर व्हर्जिल एक्सनरने बुगाटी टाइप १०१ च्या चासीवर तिथल्या गिया या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडून बॉडी करून घेतली, कारण तिथे चासी वेगळी होती, आखूडही करता आली. जीएसला तशी चासी नाही, तिचा पत्राच भार पेलतो. तो कापला तर मजबुती नव्याने उभारावी लागेल, आणि नोंदणीही नव्याने मंजूर करून घ्यावी लागेल. तुमच्या देशातले नियम तिथेच विचारा. माझं मत विचाराल तर धडधाकट जीएस यासाठी कापू नये. गांदिनीच हवा असेल तर १९८२ मध्ये आलेली सिट्रोएनचीच बीएक्स शोधा. रेखाटन त्याचं, तेल हेच, आणि ती लाखोंनी बनली.

टाकीतलं थोडं तेल काचेच्या बाटलीत काढा आणि रंग कसा दिसतो ते इथे लिहा. हिरवं स्वच्छ असेल तर पुढचं सांगतो.