दंड भरला म्हणजे सुटलो का?

"मॅडम, दहा हजार भरले की विषय संपला ना?" दारू पिऊन गाडी चालवताना कुणी सापडलं की घरचे पहिल्यांदा हेच विचारतात. सापडलेला गप्पच असतो, बोलते ती बाई, आणि कानातलं गहाण टाकायचं तिचं आधीच ठरलेलं असतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं असंच एक जोडपं माझ्याकडं सल्ल्याला आलं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दादांचा स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो, बेळगावच्या एपीएमसीतनं भाजी भरायची, गोव्यात उतरवायची आणि चोर्ला घाटातनं रिकामं परत. तिकडं दारू स्वस्त, मग येताना एक क्वार्टर ठरलेली. मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि अडकले. 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर गेलं की केस, "मी शुद्धीत होतो ओ" म्हणून चालत नाही.

मी वही वहिनींपुढं सरकवली, म्हटलं तुम्हीच लिहा. पहिल्यांदा सापडला तर 10,000 दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, ते कोर्ट ठरवणार, रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही. वकिलाची फी वेगळी. आणि शिक्षा झाली की लायसन कमीत कमी 6 महिने बाद. हे ऐकल्यावर दादांनी पहिल्यांदा मान वर केली.

खरा खड्डा इथंच आहे. बदली ड्रायव्हरचा रोज 800, महिन्याला वीस फेऱ्या म्हणजे 16,000, सहा महिन्यांचे 96,000. गाडीचा हप्ता मी ह्यात धरू दिला नाही, तो तसाही भरायचाच होता, पण गाडी दारात उभी केली तर तोच गळ्याशी येतो. दादा म्हणाले, मग रात्रीचं मीच नेतो, कोण बघतंय? लायसन बाद असताना चालवलं तर पुन्हा 10,000 दंड नाहीतर 3 महिन्यांपर्यंत कैद, वेळ आली तर दोन्ही. आणि पिऊन ठोकलं तर स्वतःच्या गाडीचा क्लेम इन्शुरन्सवाले नाकारतात, समोरचा मेला तर त्याच्या घरच्यांना कंपनी भरपाई देते पण ते पैसे मालकाकडनं वसूल करू शकते. मग कानातलं कुठं पुरतंय, शेतच विकायला लागतं.

शेवटची ओळ वहिनींनी न विचारता लिहिली, दारूचे रोजचे 150, सहा महिन्यांचे 27,000. दादा बघतच राहिले.

मी तीनच गोष्टी सांगितल्या. सोनं घाईनं गहाण टाकू नका, हप्ता बाउन्स व्हायच्या आधी फायनान्सवाल्याला जाऊन भेटा. कोर्टाचा कागद कन्नडात असतो, घरी अंदाजानं वाचू नका, वकिलाकडनं तारीख नीट समजून घ्या, चुकली तर वॉरंट निघू शकतं. आणि दादांचे सकाळी हात थरथरतात, त्यामुळं दारू घरच्या घरी एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर. त्यांना मी धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आरोग्याच्या दवाखान्यात पाठवलं.

सध्या भाचा गाडी चालवतोय, नात्यातला म्हणून सहाशेवर मानला. दादा एपीएमसीत माल भरून देतात आणि तिथनंच घरी जातात, गोव्यापर्यंत मामाला सोबत न्यायचं नाही ही भाच्याचीच अट.