नागपूर जिल्ह्याचा इतिहास माणसं, जमीन आणि समाज यांच्या अंगानं समजून घ्यायचा आहे. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

पुस्तक नंतर घ्या. आधी जिल्ह्यातलं एक गाव धरा आणि त्याचं निस्तार पत्रक मिळवा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी कशासाठी वापरायच्या याची सरकारी नोंद.

बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास शहर वसवलं, पुढे भोसले आले, १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, हे कुठंही वाचायला मिळेल. गावातली माणसं मात्र तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये भेटतात.

आपल्याकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा मालगुजार हाच गावाचा मालक. ती १९५१ मध्ये संपली आणि मालगुजाराच्या ताब्यातले तलाव, झुडपी जंगल, पडीक जमिनी सरकारजमा झाल्या. मग गावकऱ्यांच्या जुन्या वहिवाटी कागदावर आणणं भाग होतं. ढोरं कुठं चरणार, सरपण कुठून आणायचं, खताचे खड्डे कुठं, मसणवट कुठं, हे निस्तार पत्रकात असतं. पाण्याचा, वाटेचा, मासेमारीचा हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावाच्या रूढ हक्कांच्या नोंदीत.

माझ्या आजीचं गाव मौद्याकडचं, धानाचं. तिथलं पत्रक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा एका पानावर मी बराच वेळ अडकून राहिलो. मसणवटीच्या तीन नोंदी, एकाखाली एक, तिन्हींचे खसरा नंबर (जमिनीच्या तुकड्याचे नंबर) वेगळे. एवढ्याशा गावात मेल्यावरही माणसं एका जागी येत नव्हती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती नक्कल घेऊन मी एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, आजोबांकडे गेलो. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचत गेलो आणि ते काठीनं दाखवत गेले. तलावाच्या पाळीवर एका जागी थांबून म्हणाले, "पाणी इथून सुटे. पहिले मालगुजाराच्या बांधीत, मंग आमच्या." बांधी म्हणजे धानाचं शेत. कागदावर फक्त हक्क लिहिला होता. पाणी आधी कुणाला, हे त्यांच्याकडूनच कळलं. म्हणून कागद आणि म्हातारं माणूस एकत्र गाठा, आणि लवकर गाठा. कागद थांबेल.

नकलेच्या अर्जात मौजा (गावाचं महसुली नाव), पटवारी हलका (तलाठ्याच्या हद्दीचा) नंबर आणि तालुका नीट लिहा. तालुके मागाहून फुटले आहेत, त्यामुळे जुने कागद कधी कधी शेजारच्या तहसीलमध्ये निघतात.

शहरात असाल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागात जा. तिथं मारबतीच्या, म्हणजे वाईटाचं प्रतीक म्हणून केलेल्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुका असतात. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. मिरवणूक तर पाहाच, पण आधीचे काही दिवस मूर्ती घडते तिथं जाऊन बसा. कोष्टी आणि तेली घरांतली जुनी माणसं तेव्हा निवांत भेटतात. १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, त्यानंतर हातमागांचं काय झालं, ते त्यांना विचारा. दीक्षाभूमीबद्दलही तेच सांगेन. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या मैदानात लहान पोर म्हणून बसलेले लोक आज ऐंशीच्या घरात आहेत. ते सांगतात तसं, त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या.

आणि काटोल रोडनं जुनापाणीला एकदा जाऊन या. तिथं सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, महापाषाणकाळातल्या लोकांची दफनं. म्हणजे तीही मसणवटच, कुठल्याच पत्रकात न आलेली. काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत. पावसाळ्यानंतर गवत माजतं, तेव्हा उन्हाळ्यात जा आणि सकाळी जा. तिरप्या उन्हात ते खळगे नीट दिसतात.