दोघांत कन्याकुमारी, चाळीस हजारात बसतंय का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो, वय 57, बायको 52. पोरगं पुण्यात नोकरीला, त्यामुळं घरात आता आम्ही दोघंच. नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, हायवेला 18 चं अ‍ॅव्हरेज देते. दिवाळीत सोलापूर ते कन्याकुमारी गाडीनंच जायचा प्लॅन करायलोय, 12 दिवसांचा. यादीत हंपी, म्हैसूर, उटी, मुन्नार, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. त्यातलं रामेश्वर बायकोचं, बाकी सगळं माझं. बजेट 40,000. मित्र म्हणतेत रेल्वेनं जा बे, गाडीनं एवढ्यात होत नसतंय. तुम्ही खरं सांगा.

उत्तर: दादा, या यादीसकट नाही बसत. रामेश्वर ठेवा, उटी-मुन्नार काढा, म्हैसूरही पुढच्या वेळेला, मग ओढूनताणून बसतंय. तुमची तीन ठिकाणं गेली आणि वहिनींचं एकच होतं ते राहिलं, हे मी मुद्दाम केलेलं नाही, हिशोबच तसा येतोय.

तुमची अख्खी यादी फिरायची म्हणजे 3,600 किलोमीटर तरी धरा. 18 च्या अ‍ॅव्हरेजनं 200 लिटर, लिटरला 105 धरले तर 21,000 नुसत्या पेट्रोलचे, आणि घाटात ते 18 कुठलं मिळतंय. शिवाय उटीला मे 2024 पासून गाडीसाठी ई-पास काढावा लागतो, तो एक वेगळा व्याप. उटी, मुन्नार, म्हैसूर ही तीन काढली की सगळं मिळून 3,000 किलोमीटर होतंय, 167 लिटर, साधारण 17,500. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दिवस वाचतात, रोज बॅग भरा, रोज नवं लॉज शोधा यातच माणूस अर्धा होतो आणि मग थकून जे समोर दिसेल ते महागडं हॉटेल घेतो.

विजयपूरला थांबू नका, गोलघुमट आपण सोलापूरकर एका रविवारात करतो. विजयपूर, इलकल, होस्पेट असं करत हंपी 300 किलोमीटर, तिथं दोन रात्री. मग चित्रदुर्गावरनं बेंगळुरू, पण बेंगळुरूत मुक्काम नको, पार्किंगलाच जीव जातो, संध्याकाळच्या ट्रॅफिकच्या आत शहर ओलांडून कृष्णगिरीला एक रात्र. पुढं मदुराई दोन, रामेश्वर दोन, कन्याकुमारी दोन. येताना सेलमला एक, चित्रदुर्गाला एक आणि बाराव्या दिवशी घर. येतानाचे तीन दिवस नुसतं चालवणंच आहे, चारशे-साडेचारशे किलोमीटर रोज, ते आधीच मनात धरून ठेवा.

राहायला 1,200 च्या आत रूम बघा, 11 रात्रींचे 13,200. देवस्थानाच्या गावांत लॉज भरपूर असतात, फक्त आधी रूम बघायची, बाथरूमचा नळ सोडून बघायचा आणि मग पैसे द्यायचे. कन्याकुमारीत विवेकानंदपुरमला राहायची सोय आहे ती आधी विचारून ठेवा. समुद्रातलं विवेकानंद शिलास्मारक 1970 चं, ज्यांनी ते उभं केलं ते एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, तिथं उभं राहिलं की आपलं कुणीतरी आधी येऊन गेलंय असं वाटतं. आता तिथून शेजारच्या तिरुवल्लुवरांच्या पुतळ्यापर्यंत काचेचा पूलही झालाय, 30 डिसेंबर 2024 ला सुरू झाला, वहिनी खाली बघणार नाहीत बहुतेक.

टोलचं म्हणाल तर फास्टॅगचा वर्षाचा पास घ्या. 15 ऑगस्ट 2025 ला तो 3,000 रुपयांत सुरू झाला, खासगी गाडीला वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. नाक्याला सरासरी शंभर धरले तर तीस नाक्यांत वसूल, आणि पोराकडं पुण्याला जाताना सावळेश्वर, वरवडे हे नाके लागतातच की, तिथंही तोच चालतो. फक्त नॅशनल हायवेवरच चालतो बरं का, बेंगळुरूचा नाइस रोड खासगी आहे, तिथं शिरलात तर वेगळे पैसे कापले जाणार.

जेवणाचे दोघांचे दिवसाला 500 म्हणजे 6,000. आता बेरीज मारा, 39,700. उरले 300. त्यात पंक्चर आणि चहा होईल, तिकिटं नाही. म्हणून खिशात 45,000 असू द्या, किंवा पास वर्षभर वापरणारच आहात तर त्याचे अर्धे पैसे या ट्रिपच्या खात्यावर टाकू नका, मनाला बरं वाटतं.

पाचशेत जेवण कसं, तर इथंच आपलं सोलापूर कामाला येतं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी. भाकरी पिशवीत घालू नका, पहिल्या गतिरोधकाला चुरा होतो, स्टीलच्या उभट डब्यात खाली पेपर घालून उभ्या लावायच्या, मधे फट राहिली तर तिथं पेपराचाच बोळा. दही कुठंही मिळतं. सकाळी इडली, दुपारी केळीच्या पानावर मील्स, रात्री भाकरी मोडून दह्यात. सोलापुरी चादर दोन टाका, लॉजची चादर कशी असेल सांगता येत नाही.

आता माझी फजिती. मागं आम्ही हंपीला निघालो, चारी टायरची हवा बघितली, स्टेपनीची नाही. इलकलच्या अलीकडं टायर बसला, आमच्या ह्यांनी जॅक लावला, नट सोडले, घामाघूम होऊन स्टेपनी बसवली, जॅक काढला आणि ती पण खाली बसली. दोन तास उन्हात. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं टायर दुकानापर्यंत नेला, तेही मला गल्लीत ऐकून ऐकून मोडकंतोडकं कन्नड येतं म्हणून. तुमच्या शेजारीपाजारी कुणी कन्नड, तेलुगू बोलत असेल तर दहा-वीस वाक्यं पाठ करा, पार कृष्णगिरीपर्यंत खपतात. आणि नऊ वर्षांच्या गाडीचे बेल्ट, कूलंट, ब्रेक निघायच्या पंधरा दिवस आधी दाखवा, आदल्या दिवशी नाही. अंधार पडल्यावर चालवू नका, बस.

एक राहिलं. दिवाळी नको. आपल्याकडं पाऊस संपलेला असतो पण तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा, रामेश्वरजवळच्या धनुष्कोडीला जाऊन छत्रीत उभं राहायचंय का? आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा करा आणि जानेवारीच्या शेवटी निघा, तोवर पोंगलची गर्दीही ओसरलेली असते.

प्रश्न: ताई, आमची गाडी सीएनजी आहे, मग तर खर्च अर्धाच ना? एक वाचक, होटगी रोड

उत्तर: पंप मिळाला तर. लांबच्या रस्त्यावर पंप कमी आणि रांगा मोठ्या, त्यामुळं अर्धा प्रवास पेट्रोलवर होणार असंच धरा. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी असते, तिची तारीख बघून घ्या. आणि डिकीत सिलिंडर असतो, म्हणजे भाकरीचा डबा मागच्या सीटवर.