कोकणात जमीन घेताना
आपण रत्नागिरीकडे गुंतवणूक म्हणून जमीन पाहत असाल, तर भावाची चौकशी करण्याआधी सातबाऱ्यावरील नावे मोजावीत, कारण कोकणातील जमीन बहुधा सामाईक असते आणि मुंबईत स्थायिक झालेला चाकरमानी गावी फक्त गणपतीला येत असला, तरी आपला हिस्सा सहसा सोडत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. त्यामुळे सासरी गेलेल्या बहिणींच्याही सह्या लागतात. मी स्वतः एका आंब्याच्या बागेसाठी बोलणी केली होती. १४ हिस्सेदारांपैकी १३ राजी झाले; चौदाव्याने, बागेतल्या राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या दैवताला, वर्षाचा नारळ पुढे कोण देणार, एवढेच विचारले आणि व्यवहार तिथेच थांबला. (मला त्याचा राग मात्र आला नाही.) शेतजमीन घेण्यासाठी शेतकरी असल्याचा दाखला लागतो, हे दलाल बहुतेकदा उशिरा सांगतात. शिवाय शिमग्यात पालखी कोणत्या पायवाटेने जाते, हे गावकऱ्यांना आवर्जून विचारावे. ती वाट नकाशावर नसली, तरी तिच्यावर कुंपण घालणाऱ्याला गावात पुढे मजूरसुद्धा मिळत नाही.