नवीन आशाताईंसाठी: गरोदरपणातली थायरॉईड तपासणी

ताई, गरोदर बाईची नोंद झाली की हिमोग्लोबिन-शुगरच्या रक्तासोबतच टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) सांगा. उपाशीपोटी यायची गरज नाही. बारा आठवड्यांच्या आत झाली तर उत्तम, कारण तोवर बाळ आईच्याच थायरॉईडवर असतं. आधी गर्भपात, गळ्याला गाठ, घरात कुणाला थायरॉईड, टाइप 1 मधुमेह असेल तर अजिबात टाळू नका.

रिपोर्टवर छापलेली मर्यादा साधारण माणसाची असते, तिच्यावर जाऊ नका. आपल्याकडे पहिल्या तिमाहीत 2.5, पुढे 3 च्या वर गेलं की डॉक्टरांना दाखवायचं. उलट्या चालू असताना टीएसएच कमी आलं तर घाबरवू नका. त्या दिवसांत ते खाली जातंच. तरी रिपोर्ट दाखवाच.

खरी गडबड डॉक्टरांनी दिलेली थायरॉईडची गोळी घेण्यात होते. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याने, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी; आपणच दिलेल्या त्या गोळ्या एकत्र घेतल्या की थायरॉईडची अंगी लागत नाही. मग डोस वाढत राहतो. बाटली पत्र्याखाली, चुलीजवळ नको, एप्रिल-मेत तर नकोच.

दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. ऊसतोडीला जाणारीला दिवाळीआधीच चिठ्ठी, रिपोर्ट आणि पुरेशा गोळ्या द्या. आधीपासून गोळी चालू असलेलीला दिवस राहिले तर लगेच डॉक्टरकडे पाठवा, डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासणी.