पत्रकार गॅरेथ जोन्सच्या मूळ डायऱ्या कुठे पाहायला मिळतील?

वेल्समधल्या ॲबरिस्टविथला, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात. प्रवास करायची गरज नाही, डायऱ्या स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्यात. त्यातल्या मार्च 1933च्या खिशातल्या वह्या आधी उघडा. हा पत्रकार तेव्हा युक्रेनमध्ये खारकीवजवळच्या गावांतून पायी फिरला आणि 'पाव नाही, मरतोय आम्ही' हे शेतकऱ्यांचं बोलणं पेन्सिलीने टिपत गेला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, जरा चिकाटी हवी! पण बर्लिनला येऊन त्याने युक्रेनमधल्या दुष्काळाची बातमी फोडली, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वॉल्टर ड्युरँटीने ती साफ उडवून लावली होती. त्यामुळे माझ्या मते छापील लेखांपेक्षा या वह्यांनाच जास्त वजन आहे. 1935मध्ये, तिशी गाठायच्या आदल्या दिवशी, ईशान्य चीनमधल्या मांचुरियाच्या बाजूला त्याचा खून झाला.