देहविक्रय गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढावा का?

देहविक्रय भारतात गुन्हा आहे का आणि तो गुन्हा मानणे थांबवल्यास त्या स्त्रिया सुरक्षित होतील का, असे आपण विचारले आहे.

प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय आजही मुळात गुन्हा नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला आहे तो कुंटणखाना चालवणे, उघडपणे गिऱ्हाईक बोलावणे आणि देऊळ, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करणे. कागदावर माफक वाटणारी ही मर्यादा आपल्या इंदुरात राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत लावून पाहिली, तर तिच्याबाहेरची जागा शोधूनही सापडणे कठीण आहे. कलम ४ मला सर्वांत अन्यायकारक वाटते, कारण देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी १८ वर्षांवरील व्यक्ती त्यानुसार दोषी ठरते आणि त्या कक्षेत तिची म्हातारी आई किंवा कॉलेजात शिकणारा मुलगाही येऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात या स्त्रियांना सन्मानाने वागवण्याचे आणि लैंगिक अत्याचार झाल्यास तातडीने वैद्यकीय मदत देण्याचे निर्देश दिले. स्वीडनने १९९९ मध्ये केवळ गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवले, तर न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रौढांचा हा व्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढला. मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, कारण स्वतःवरच कारवाई होण्याची धास्ती असलेली स्त्री मारहाणीची तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. मानवी तस्करी आणि अल्पवयीन मुलींचे शोषण हे मात्र कठोर शिक्षेचेच गुन्हे राहिले पाहिजेत.